दिवस वर गेलेत, पण तारीख नक्की कुठली धरायची? (नाशिक)

पंचवटीची_लेक | शुक्रवार, दुपारी ३.१०

बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायची वेळ आली. पहिलंच बाळंतपण. सासर पुण्याला, सातव्या महिन्यापासून पंचवटीत माहेरी आहे. फाइलवर तारीख ३ ऑगस्ट. आज ८. कळांचा पत्ता नाही. अधूनमधून पोट दगडासारखं होतं, मी घड्याळ घेऊन बसते आणि दहा मिनिटांत सगळं शांत.

काल तपासणी झाली. बाळ ठीक आहे, डोकं खाली आहे, पण "अजून वर आहे, गर्भपिशवीचं तोंड उघडलेलं नाही" असं मॅडम म्हणाल्या. रविवारी ४१ आठवडे पुरे होतात, तेव्हा संध्याकाळी ॲडमिट व्हायचं आणि सोमवारी पहाटे कळा आणायचं औषध सुरू. आई म्हणते फळ पिकलं की आपोआप गळतं, ओढून कशाला काढायचं? नवरा म्हणतो मॅडम सांगतील तसं. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून रात्री झोप लागत नाही.

बॅग दाराशी भरून ठेवलीय. दुपटी आईने तीनदा धुतली, कारण या हवेत ती सुकत नाहीत आणि सुकली तरी कुबट वास राहतो. शेवटी इस्त्री फिरवून वाळवली. बाबा रोज सकाळी गोदावरीवर जाऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. आज पाणी गुडघ्याला, आज कमरेला. त्याखाली आत्या लिहिते, "मारुतीचं कळलं, मुलीचं काय?"

कुणाचे दिवस असे वर गेले होते? किती? काय केलंत?

मखमलाबादी | शुक्रवार, दुपारी ३.३२

माझे नऊ दिवस वर गेले होते. लेक आता दहावीत आहे, अजूनही क्लासला वेळेवर पोहोचत नाही.

निफाडची_मावशी | शुक्रवार, दुपारी ३.५५

बाळा, घाबरू नकोस. दोन चमचे एरंडेल गरम दुधातून घे, रात्री. आमच्या सासूबाईंनी मला दिलं होतं, पहाटे मोकळी झाले. आणि सकाळ-संध्याकाळ उकिडवं बसून फरशी पुस. आमच्या वेळी कुठे होती ही औषधं!

लेबररूम_सिस्टर | शुक्रवार, दुपारी ४.२०

मावशी, रागावू नका, पण एरंडेल नको. मी २७ वर्षं लेबर रूममध्ये काढलीत. एरंडेल पिऊन आलेल्या बाया मी पाहिल्यात: जुलाब, उलट्या, अंगातलं पाणी संपलेलं आणि कळा म्हणाल तर आतड्याच्या. आधी सलाइन लावायचं आणि मग बाळंतपणाचं बघायचं. खऱ्या कळा येतात तेव्हा बाईकडे ताकद हवी, ती रात्रभर बाथरूममध्ये घालवून कसं चालेल? तुम्ही पहाटे मोकळ्या झालात कारण तुम्ही त्या पहाटे होणारच होतात.

फरशी पुसायला माझी हरकत नाही. फरशी तरी स्वच्छ होईल.

पंचवटीची_लेक, तू तीन गोष्टी सांग. पाळी किती दिवसांनी यायची? पहिली सोनोग्राफी कधी झाली? त्या रिपोर्टवर प्रसूतीची तारीख काय लिहिलीय? शेवटच्या सोनोग्राफीचं सांगू नकोस, पहिलीचं सांग.

हिशोबी | शुक्रवार, सायंकाळी ५.०५

सिस्टरने हे का विचारलं ते सांगतो. बायकोच्या वेळी मीही याच गोंधळात वही घेऊन बसलो होतो.

ड्यू डेट काढायचा नियम एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, नऊ महिने पुढे जा आणि सात दिवस मिळवा. होतात साधारण २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपल्याकडचं "नऊ महिने नऊ दिवस" त्याच्यापासून दोनच दिवस लांब आहे. आणखी एक गंमत: आपल्या पंचांगातला चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ महिने म्हणजे जवळपास २६६ दिवस, आणि गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंत सरासरी तेवढेच दिवस धरतात. अमावास्या मोजणाऱ्या आज्या काही अगदीच हवेत बोलत नव्हत्या.

आता ग्यानबाची मेख. नेगेलेंचा नियम धरून चालतो की पाळी बरोबर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवशी बीज सुटतं. जिची पाळी ३५ दिवसांची, तिचं बीज आठवडाभर उशिरा सुटतं. फाइल म्हणते दिवस वर गेले, आणि बाळ म्हणतं माझे अजून भरलेच नाहीत.

शिवाय बरोबर तारखेच्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. तारीख म्हणजे काही गोदावरी एक्स्प्रेसची वेळ नव्हे. (आणि तिची वेळ तरी कुठे होती म्हणा.)

पंचवटीची_लेक | शुक्रवार, सायंकाळी ६.४०

पाळी ३४ दिवसांनी, कधी ३५. शेवटची २७ ऑक्टोबरला.

पहिली सोनोग्राफी पुण्यात झाली होती आणि तो रिपोर्ट तिथेच कपाटात राहिला. इथे येताना फक्त पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट आणले. इथे नवीन फाइल केली तेव्हा रिसेप्शनवर पाळीची तारीख विचारली, मी सांगितली, त्यांनी त्यावरून ३ ऑगस्ट लिहिलं. नवऱ्याला आत्ता फोन केला. तो ऑफिसातून घरी पोहोचला की फोटो पाठवतो.

कॉलेजरोडवाली | शुक्रवार, सायंकाळी ७.१५

मी स्पष्ट बोलणार. हल्ली कुणाला थांबायला वेळ नाही. आधी तारीख दाखवून घाबरवायचं, मग कळांचं इंजेक्शन, मग "बाळाचे ठोके कमी होताहेत" आणि मग सिझर. माझ्या जावेचं हेच झालं. कुठे ते लिहीत नाही. बिल बघून सासऱ्यांचेच ठोके कमी झाले.

लेबररूम_सिस्टर | शुक्रवार, रात्री ८.०२

कॉलेजरोडवाली, सिझर जास्त होतात हे मी नाकारत नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं प्रमाण २१.५ टक्के आहे, पण खासगीत ४७.४ आणि सरकारी दवाखान्यांत १४.३. या आकड्यांवर भांडायचं असेल तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

पण "कळा आणल्या की सिझर ठरलेलंच" हे मोठ्या अभ्यासांत दिसत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये पहिलटकरणींवर एक मोठी चाचणी झाली. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के निघालं आणि वाट बघणाऱ्यांत २२.२. म्हणून ३९ ला धावत जा असं मी म्हणत नाहीये. तिथे एकेका बाईमागे एकेक नर्स असते, आमच्या वॉर्डात एका नर्सकडे चौघी-पाचजणी बाया. आणि कळा आणताना धीर लागतो. पिशवीचं तोंड कडक आणि बंद असेल तर आधी जेल ठेवून किंवा फुग्याची नळी घालून ते मऊ करावं लागतं. पहिलटकरणीला यात दीड-दोन दिवसही लागतात. संध्याकाळी सुरू केलं आणि सकाळी "होत नाहीये" म्हणून टेबलावर घेतलं, तर तो दोष कळांच्या औषधाचा नाही, घाईचा आहे. रविवारी विचारायचंच असेल तर हे विचारा: तोंड किती तयार आहे, कशाने सुरू करणार आणि किती वेळ देणार.

आधीचं सिझर असलेल्या कुणी हे वाचत असतील तर तुमचा हिशोब वेगळा. जुना टाका सुटायची भीती असते, त्यामुळे काही औषधं तुम्हाला चालतच नाहीत. इथलं वाचून ठरवू नका.

सातपूरकर_बाबा | शुक्रवार, रात्री ८.३०

बिलाची काळजी असेल त्यांच्यासाठी एक ओळ. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण मोफत आहे, सिझर झालं तरी. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं त्यात येतं. आमच्या दोन्ही मुली सिव्हिलला झाल्या. गर्दी आहे, खोटं कशाला बोलू. पण रात्री तीनलाही डॉक्टर जागे होते.

पंचवटीची_लेक | शुक्रवार, रात्री ९.५०

आला फोटो! २८ डिसेंबरचा रिपोर्ट. "८ आठवडे ० दिवस" असं लिहिलंय आणि खाली प्रसूतीची अंदाजे तारीख ९ ऑगस्ट. म्हणजे उद्या!

आई म्हणते मग आज काय आहे? मी म्हटलं आज काहीच नाही, आज शुक्रवार आहे.

लेबररूम_सिस्टर | शुक्रवार, रात्री १०.१५

मला हेच वाटलं होतं. आता नीट वाच.

पाळीच्या हिशोबाने २८ डिसेंबरला ८ आठवडे ६ दिवस व्हायला हवे होते. बाळ भरलं ८ आठवडे. सहा दिवसांचा फरक. इतक्या लवकरच्या सोनोग्राफीत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत बाळाची लांबी मोजतात आणि त्या वयात सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून ते माप सगळ्यांत भरवशाचं. नऊ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत पाचपेक्षा जास्त दिवसांचा फरक निघाला तर सोनोग्राफीची तारीख धरतात. तुझी पाळी ३४ दिवसांची, म्हणजे २८ पेक्षा सहा दिवस जास्त. हिशोबही जुळला.

शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवर जी तारीख छापून येते तिच्यावरून मात्र कुणी नवीन तारीख धरू नका. तेव्हा यंत्र बाळाचा आकार बघून वय सांगत असतं. बाळ थोराड असेल तर तारीख अलीकडे येते, बारीक असेल तर पलीकडे जाते. आमच्याकडे बाया चार रिपोर्ट घेऊन येतात, चारांवर चार तारखा, आणि नातेवाईक त्यातली सोयीची उचलतात.

उद्या हा रिपोर्ट मॅडमना दाखव. भांडायला जाऊ नकोस, त्यांच्यासमोर हा कागद आलाच नव्हता. माहेरी येताना झबली-टोपडी आठवणीने आणतात आणि पहिला रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतो. दर आठवड्याला अशी एक तरी येते.

सुरगाण्याची | शुक्रवार, रात्री १०.४८

तुमच्याकडे तारखा दोन झाल्या म्हणून गोंधळ, आमच्याकडे एकसुद्धा नसते. माझी वहिनी आशा सेविका आहे. पाळी कधी चुकली विचारलं की बाई सांगते, "पोळा झाला, त्याच्या पुढं नाही आली." किंवा नागली लावायच्या दिवसांत. मग वहिनी कॅलेंडर काढते, पोळ्याची तारीख बघते, तिथून मोजते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा म्हणून ती ओरडत असते ते यासाठीच. बाई सहाव्या महिन्यात आली तर दिवस भरले की वर गेले हे नंतर कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आणि पावसाळ्यात ओढा भरला की पाड्यावरून निघताच येत नाही. म्हणून आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघर केलंय, तारीख जवळ आली की बाई आधीच तिथे येऊन राहते. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ दोन्ही नंबर वहिनीने घराघरांत दारामागे खडूने लिहून ठेवलेत. तुम्ही शहरात आहात तरी लिहून ठेवा. ऐनवेळी फोनची बॅटरी जाते.

कळवणची_माहेरवाशीण | शनिवार, पहाटे १.२०

लिहू की नको, असं करत होते. घाबरवायचं नाहीये, पण एवढ्या गमतीत हेही कुणीतरी सांगायला हवं.

बारा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचे दिवस वर गेले. आठ दिवस, दहा दिवस. घरात सगळे म्हणत होते की बाळ मोठं होतंय, चांगलंच आहे. पहिली सोनोग्राफी केलीच नव्हती, त्यामुळे तारीखही कुणी खात्रीने धरत नव्हतं. तेराव्या दिवशी सकाळी तिने सांगितलं की रात्रीपासून हललं नाही. आई म्हणाली, शेवटी जागा उरत नाही म्हणून हलत नाही, काहीतरी गोड खा. दुपारी गेलो तेव्हा ठोके नव्हते.

नंतर तिला दोन मुलं झाली, ठणठणीत आहेत. पण त्या घरात "जागा उरत नाही" हे वाक्य आता कुणी बोलत नाही.

लेबररूम_सिस्टर | शनिवार, सकाळी ६.४०

कळवणची, लिहिलंस ते बरं केलंस.

बाळ शेवटी कमी हलतं हे खरं नाही. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी वळणं आणि ढकलणं जाणवतं, पण ती दिसायची तितकी दिसलीच पाहिजे. दोन तासांत दहा हालचाली मोजायला सांगतात, ते ठीक. पण आकड्यापेक्षा रोजच्या सवयीला धरा. रोज रात्री जेवणानंतर धुमाकूळ घालणारं बाळ आज गप्प असेल तर उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आणि ४१ आठवड्यांचं म्हणाल तर ते कुणाच्या मनचं नाही. ४१ पुरे झाले की कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. स्वीडनमध्ये २०१९ साली २७६० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या बायकांना ४१ व्या आठवड्यात कळा आणल्या, अर्ध्यांना ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्यांत सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच बंद करावा लागला. सिझरचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. धोका मुळात लहान आहे, बहुतेक बाळं सुखरूप येतात. पण तो आठवड्यागणिक वाढत जातो, आणि बाळाला पोसणारी वार म्हातारी होत चाललीय हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून आधी तारीख पक्की करायची. खऱ्या ४१ ला मग फळ पिकायची वाट बघायची नाही.

पंचवटीची_लेक | शनिवार, दुपारी २.३०

कळवणची_माहेरवाशीण, तुझं पहाटे वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती उठून माझ्याजवळ बसली.

मॅडमना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, फाइलवरचं ३ खोडून ९ केलं आणि खाली सही केली. म्हणाल्या, हा आधी आणायला हवा होता. मी म्हटलं, हो. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी बघितलं, ८ आहे. ठोक्यांचा पट्टा लावून वीस मिनिटं ठेवलं, आलेख चांगला. रविवारचं रद्द. बुधवारी परत बोलावलंय. तोवर काही झालं नाही तर शुक्रवारी ॲडमिट, म्हणजे शनिवारी ४१ पुरे होताना कळा सुरू असतील.

परत आले तर भाऊ राखीसाठी येऊन बसला होता. ताटात निरांजन लावलं आणि वाकता येईना. मग तोच सोफ्यावर चढून बसला आणि मी उभ्याने ओवाळलं.

आजीचं आता निराळंच. शुक्रवारी रात्री गोकुळाष्टमी आहे, तर "अष्टमीलाच होऊ दे, आपल्या हातात असतं ना आता!"

मखमलाबादी | शनिवार, दुपारी २.५१

आजींना सांग, देवकीने कुठे ॲडमिशन घेतली होती ते विचार.

हिशोबी | रविवार, सकाळी १०.२०

सोमवारी तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघालेल्यांमुळे त्र्यंबक रोड आज रात्रीपासूनच भरलेला असणार. पंचवटीहून निघायची वेळ आली तर रामकुंडाकडचे छोटे पूल विसरा, नदीला पाणी आहे. सरळ होळकर पुलावरून जा. नवऱ्याला आधीच दाखवून ठेव, पुणेकर आहे.

पंचवटीची_लेक | रविवार, सकाळी ११.०५

दाखवला. तो म्हणे गुगल आहे. मी म्हटलं गुगलला पूर माहीत नाही, बाबांना माहीत आहे.

अंबडची_नवी | सोमवार, दुपारी १२.४०

मध्येच घुसतेय. मला ३९ आठवडे. आतून तपासताना बोट फिरवून पडदा सुटा करतात म्हणे, त्याने कळा येतात का? आणि नवरा-बायकोने... म्हणजे तेही सांगतात ना?

लेबररूम_सिस्टर | सोमवार, दुपारी १.३०

बोट फिरवण्याने औषधाशिवाय कळा सुरू व्हायची शक्यता थोडी वाढते. दुखतं, थोडं रक्त दिसू शकतं. तोंड जरा तरी उघडलेलं लागतं आणि तुझी परवानगी लागते. न विचारता कुणी करू नये. दुसऱ्याचं म्हणशील तर पाणी गेलेलं नसेल, रक्त जात नसेल, वार खाली नसेल तर मनाई नाही. पण त्याने कळा येतातच असा पुरावा काही नाही. सासूबाईंना मात्र मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

पंचवटीची_लेक | मंगळवार, रात्री १०.१२

सिस्टर, जाग्या आहात का? संध्याकाळपासून हालचाल कमी वाटतेय. जेवण होऊन दीड तास झाला. रोज या वेळी टीव्हीच्या आवाजालाही उसळतं. डाव्या कुशीवर पडलेय. एकदा किंचित वळल्यासारखं झालं. की मलाच भास होतोय? उद्या सकाळी बुधवारची अपॉइंटमेंट आहेच.

लेबररूम_सिस्टर | मंगळवार, रात्री १०.१४

उद्या नाही. आत्ता निघ. फोन करून सांग की येतेय. बॅग घे, फाइल घे. भास असला तर घरी परत येशील, कुणी हसणार नाही.

कळवणची_माहेरवाशीण | मंगळवार, रात्री १०.१६

जा गं. प्लीज.

पंचवटीची_लेक | मंगळवार, रात्री १०.१९

निघालो.

मखमलाबादी | बुधवार, सकाळी ७.०५

काही कळलं का?

निफाडची_मावशी | बुधवार, सकाळी ९.३०

सप्तशृंगीला नारळ बोललेय. लिही गं बाई कुणीतरी.

सुरगाण्याची | बुधवार, दुपारी १.१०

वहिनी विचारतेय पंचवटीच्या बाईचं काय झालं. तिला नाव माहीत नाही, तारीख माहीत आहे.

पंचवटीची_लेक | शुक्रवार, सकाळी ११.४५

मुलगी झाली. बुधवारी रात्री ११ वाजून २० मिनिटांनी. २ किलो ९०० ग्रॅम. टाके पडलेत, सिझर नाही. दोघी ठीक आहोत. आत्ता ती झोपलीय म्हणून लिहितेय, अर्धवट राहिलं तर समजून घ्या.

मंगळवारी रात्री पोहोचलो. पट्टा लावला आणि दोन मिनिटांत ही बया उसळायला लागली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. ठोके छान. ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, आलाच आहात तर पाणी बघू. शनिवारी ८ होतं ते ४ वर आलेलं. त्यांनी मॅडमना फोन केला, त्या पावसात पाऊण तासात आल्या. म्हणाल्या, ५ च्या खाली आलंय, दिवस भरलेले आहेत, आता थांबण्यात फायदा नाही. तोंड एक बोट उघडलं होतं. दोन वाजता जेल ठेवलं, सकाळी परत एकदा, दुपारी पाण्याची पिशवी फोडली आणि ड्रिप लावली. पाणी स्वच्छ होतं.

दुपारपर्यंत मी नवऱ्याशी गप्पा मारत होते. चारनंतरचं नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा एका जागी अडकून थरथरत होता, पुढे जात नव्हता. मी प्रत्येक कळेला त्याच्याकडे बघत होते. सिस्टर, तुमचा "किती वेळ देणार" हा प्रश्न मी रात्रीच विचारून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, तू आणि बाळ नीट आहात तोवर मला घाई नाही. नऊ वाजता मीच म्हटलं, करा सिझर. तर म्हणाल्या, आता नाही, आता तर डोकं दिसतंय.

कॉलेजरोडवाली | शुक्रवार, दुपारी १२.०५

अभिनंदन!! मुलीला खूप आशीर्वाद. आणि हे लिहिलंच पाहिजे, म्हणून लिहिते: तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग.

हिशोबी | शुक्रवार, दुपारी १२.२०

अभिनंदन! ४० आठवडे ४ दिवस. जुन्या तारखेने ४१ आणि ३. पण एक खोचक निरीक्षण नोंदवतो. सोमवारी होणार होतं ते बुधवारी झालं. सगळ्या धाग्याची कमाई दोन दिवस.

लेबररूम_सिस्टर | शुक्रवार, दुपारी १.१५

हिशोबी, ते दोन दिवस असे मोजू नका. गुरुवारी बंद असलेलं तोंड मंगळवारी एक बोट उघडलं होतं. बंद तोंडावर सुरू करणं आणि एक बोटावर सुरू करणं यात काय फरक असतो ते बायकोला विचारा. आणि तारीख बदलली म्हणून ती निर्धास्त होऊन बुधवार सकाळपर्यंत थांबली असती तर? मला रात्री १० वाजून १४ मिनिटांनी याचीच भीती वाटली होती.

लेकी, खूप खूप अभिनंदन. ओशाळायचं काही कारण नव्हतं. पट्टा लावला की उसळणारी बाळं मी शेकड्यांनी पाहिलीत, आणि त्यांच्या आयांना दर वेळी म्हटलंय, परत वाटलं तर परत या.

पंचवटीची_लेक | शुक्रवार, दुपारी ३.५०

हिशोबी, त्या दोन दिवसांत मी दोनदा मिसळ खाल्ली. तेही धरा.

आता घरातली बातमी. मुलीचे तळहात-तळपाय सुरकुतलेले आहेत, कातडीचे पापुद्रे निघताहेत आणि नखं ही लांब. आजीने पाहिलं आणि जाहीर केलं, "बघा, दिवस वरच गेले होते, माझंच खरं." बाळाचे डॉक्टर म्हणाले, तारखेच्या पुढे आलेल्या आणि पाणी कमी झालेल्या बाळांचं असं होतं, आठवड्यात निघून जाईल, तेलपाणी चोळत बसू नका. आजीने त्यातलं फक्त "तारखेच्या पुढे" एवढंच ऐकलं. अष्टमी दोन दिवसांनी हुकली ते तिने अजून माफ केलेलं नाही.

बाबांनी आज मारुतीचा फोटो टाकला नाही. तिचा टाकला. खाली आत्याने लिहिलंय, "मारुतीचं काय?"

एक विचारायचं होतं. नखांनी गालावर ओरखडे काढलेत तिने. आई म्हणते सव्वा महिना कात्री लावायची नाही. मग करायचं काय?

निफाडची_मावशी | शुक्रवार, दुपारी ४.०२

दाताने हलकेच कुरतडायची, झोपेत असताना. आमच्या सासूबाई तसंच करायच्या.

लेबररूम_सिस्टर | शुक्रवार, दुपारी ४.०४

मावशी!

मखमलाबादी | शुक्रवार, दुपारी ४.१०

नखांसाठी नवीन धागा काढा. हा इथे भरला.